टच पॅनेलवर पानं कशी जोडायची, आणि मोटरींचे ग्रुप कुठे फसवतात

प्रश्न असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा सॅण्ड प्लॅण्ट, म्हणजे साच्यांची वाळू तयार करणारा विभाग. १४ मोटरी, डेल्टाचा डीव्हीपी-ईएस२ पीएलसी (मोटरी चालवणारा कंट्रोलर), वेनटेकचं सात इंची टच पॅनेल आणि त्याच्या इझीबिल्डर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली २३ पानं. तक्रारी तीन. ‘मागे’ बटण कधी एका पानावर नेतं, कधी दुसऱ्याच. एका मोटरचं चित्र आणि बटणं एकत्र बांधून ग्रुप केला आणि तो तेरा वेळा चिकटवला, आता पाच नंबरच्या बेल्टचं बटण दाबलं की एक नंबरचा बेल्ट फिरतो. आणि अलार्म आला की पीएलसी अलार्मचं पान उघडतो. पण ते पहिल्यांदा उघडतं, दुसऱ्यांदा उघडत नाही, आणि एखाद्या दिवशी सारखं उघडून ऑपरेटरला दुसरीकडे जाऊच देत नाही.

तिन्हींचं मूळ एकच आहे: एकाच गोष्टीला अनेक मालक झालेत. मागे कुठे जायचं हे नकाशा ठरवत नाही, ऑपरेटर आधी कुठून आला त्यावर ते ठरतं. मोटरचं चित्र एक असायला हवं तिथे चौदा झालीत आणि चौदाही स्वतंत्रपणे चुकू शकतात. कोणतं पान उघडं राहणार हे ऑपरेटरही ठरवतो आणि पीएलसीही. मालक एक केला की पानंही कमी होतात. या प्लॅण्टला २३ लागतच नाहीत, नऊ-दहात काम भागतं.

आधी कागद घ्या. पानांची नावं लिहू नका, वाळूचा प्रवास काढा: नॉकआउट, रिटर्न बेल्ट, मॅग्नेटिक सेपरेटर, बकेट एलिव्हेटर, पॉलिगोनल स्क्रीन, हॉपर, मलर (वाळू मिसळणारं यंत्र), मोल्डिंगकडे जाणारा बेल्ट. ऑपरेटरच्या डोक्यात प्लॅण्ट याच क्रमाने असतो. म्हणून पानावरचा उजवा बाण म्हणजे ‘वाळू जिकडे जाते तिकडचं पान’ आणि डावा म्हणजे ‘वाळू जिकडून येते तिकडचं’. हे एकदा ठरलं की नवा माणूससुद्धा दोन दिवसांत न विचारता पानं फिरवतो. ‘पान १’, ‘पान २’, ‘मोटर पान ३’ अशी नावं मात्र काढणाऱ्यालाच सहा महिन्यांनी आठवत नाहीत. (बेल्ट सुरू करण्याचा क्रम उलटा असतो, शेवटचा आधी. पण तो क्रम पीएलसीत असतो. पानांच्या बाणांत तो आणलात तर सगळेच गोंधळतील.)

मग क्रमांक. वेनटेकमध्ये पानालाही आणि पानावरच्या खिडकीलाही विंडोच म्हणतात. १० च्या खालच्या विंडो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कामाच्या असतात: ३ ही फास्ट सिलेक्शन, ४ ही कॉमन विंडो, ५ पासून पुढे पीएलसी जोडलेला नाही वगैरे सांगणाऱ्या. तुमची पानं १० पासून. दहा-दहाचे कप्पे करा आणि मध्ये जागा सोडा. १० मुख्य पान, ११ रिटर्न वाळूची बाजू, १२ मिक्सिंगची बाजू. २० मॅन्युअल. ३० बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाण्याची मात्रा, ३१ टायमर. ४० चालू अलार्म, ४१ जुने अलार्म. ५० च्या पुढे फक्त पॉपअप (पानावर उघडणारी छोटी खिडकी), ६० च्या पुढे अंडरले (अनेक पानांखाली घालायचा सामाईक थर). क्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही. लिंक क्रमांकाला जोडलेली असते, नावाला नाही. २० नंबरची विंडो खोडून तिथे दुसरं काही बसवलंत तर जुनी बटणं निमूटपणे त्या नव्या पानावर नेतील, आणि त्यात तांत्रिक चूक काहीच नसल्यामुळे कंपाइल करतानाही काही कळणार नाही.

आता ‘मागे’. फंक्शन की या तयार बटणामध्ये पान बदलायचे दोन प्रकार असतात, ‘ठरावीक विंडो उघड’ आणि ‘आधीच्या विंडोवर परत जा’. दुसरा सोयीचा वाटतो, कारण एकच बटण काढून सगळीकडे चिकटवता येतं. पण ऑपरेटर १० वरून ११ वर, तिथून ४० वर, परत ११ वर आला आणि तिथलं ‘मागे’ दाबलं, तर त्याला १० हवं असतं. पॅनेलच्या लेखी मात्र आधीचं पान ४०. तो पुन्हा ४० वर, तिथून पुन्हा ११ वर, असा झोपाळा सुरू होतो. त्यात मधूनच पीएलसीने पान बदललं असेल तर बघायलाच नको. म्हणून प्रत्येक पानाला एकच आई ठरवा: ११ ची आई १०, ३१ ची आई ३०, ३० ची आई १०. ‘वर’ असं बटण करा आणि त्याला आईचा क्रमांक थेट द्या. ‘आधीच्या विंडोवर परत’ फक्त अलार्म आणि मदतीच्या पानांवर ठेवा, कारण तिथे माणूस कुठूनही येतो आणि त्याला खरोखरच जिथून आला तिथेच जायचं असतं. शिवाय ‘मुख्य पान’ हे बटण प्रत्येक पानावर, त्याच कोपऱ्यात, त्याच मापाचं.

पान बदलणारी बटणं बोट उचलल्यावर काम करतील अशी ठेवा. फंक्शन की मध्ये तशी खूण असते. दाबताक्षणी पान बदललं की बोट अजून काचेवरच असतं आणि नव्या पानावर नेमक्या त्या जागी ‘चालू’ असू शकतं. ज्यांच्या हाताला सवय झाली आहे ते एका जागी दोनदा टकटक करतात, तेव्हाही हेच होतं. यावर आणखी एक साधा उपाय म्हणजे पट्ट्या वाटून घेणं: खालच्या पट्टीत फक्त पान बदलणारी बटणं, आणि त्या पट्टीच्या जागी कुठल्याही पानावर मोटर चालवणारं बटण नाही.

ही खालची पट्टी, वरचा मथळा, घड्याळ आणि अलार्मची ओळ प्रत्येक पानावर कॉपी करायची नाही. इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. पट्टीत एक बटण वाढवायचं झालं की २३ पानं उघडून २३ वेळा काम, आणि त्यातल्या दोन पानांवर विसरतंच. वेनटेकमध्ये यासाठी दोन सोयी आहेत. ४ नंबरची कॉमन विंडो सगळ्या पानांवर दिसते, अलार्मची ओळ तिथे टाका. अंडरले हे त्या-त्या पानाच्या सेटिंगमध्ये द्यायचं असतं आणि एका पानाला तीन देता येतात. ६० मध्ये पट्टी आणि मथळ्याची चौकट, ६१ मध्ये फक्त सेटिंगच्या पानांसाठी ‘सेव्ह’ आणि ‘रद्द’. सीमेन्सच्या विनसीसीत हेच काम टेम्पलेट करतं, मित्सुबिशीच्या जीटी डिझायनर३ मध्ये ओव्हरले स्क्रीन. नाव काहीही असो, तुमच्या सॉफ्टवेअरात ही सोय कुठे आहे ते पहिलं पान काढायच्या आधी शोधा. नंतर शोधलीत तर अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

ग्रुपचा गैरसमज इथूनच सुरू होतो. ग्रुप केला म्हणजे ‘एक वस्तू’ तयार झाली असं वाटतं. तसं काही होत नाही. ग्रुप म्हणजे दोरीने बांधलेली मोळी. ती एकत्र उचलता येते, सरकवता येते, दुसऱ्या पानावर नेता येते. पण आतलं प्रत्येक लाकूड आपापल्या पत्त्यालाच, म्हणजे पीएलसीच्या स्मृतीतल्या ठरावीक जागेलाच, बांधलेलं राहतं. कॉपी केली तर पत्तेही तेच कॉपी होतात. म्हणून तुमच्या पाच नंबरच्या बेल्टचं बटण एक नंबरचा बेल्ट फिरवतं; सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढंच केलं. ग्रुप लायब्ररीत ठेवला तरी फरक पडत नाही. लायब्ररीतून पानावर आलेली वस्तू ही रबरी शिक्क्याचा ठसा असते. शिक्का बदलला म्हणून आधी उमटलेले ठसे बदलत नाहीत.

म्हणजे ग्रुप टाकाऊ आहे का? नाही. मांडणीच्या कामाला तो उत्तमच आहे: मोटरचं चित्र, तिचं नाव आणि अ‍ॅम्पिअरचा आकडा हे तिन्ही एकत्र राहतात, रांगेत लावताना सुटत नाहीत. पण ग्रुप ताणून मोठा करू नका. चौकट वाढते आणि अक्षरं तेवढीच राहतात, बिटमॅप फाटल्यासारखे दिसतात. लहान केला तर बटणही लहान होतं आणि बोटात येईनासं होतं. सात इंची ८००×४८० पॅनेलवर एका मिलिमीटरला साधारण सव्वापाच पिक्सेल पडतात. हातमोजे घालून दाबायचं बटण १५ मिमी तरी हवं, म्हणजे ८० पिक्सेल. दोन बटणांत ३ ते ४ मिमी, म्हणजे १५ ते २० पिक्सेल मोकळे. दहा इंची १०२४×६०० वर एका मिलिमीटरला पावणेपाचहूनही कमी पिक्सेल येतात, तिथे तेच बटण ७० पिक्सेलमध्ये बसतं. सात इंचीचं काम दहा इंचीवर आपोआप ताणलं की आडवं १.२८ पट आणि उभं १.२५ पट होतं. मोटरचे गोल किंचित लंबगोल दिसू लागतात ते त्यामुळेच.

ग्रुपमध्ये एकावर एक रचलेल्या वस्तूंचाही त्रास असतो. बरेच जण मोटरसाठी हिरवा, लाल आणि राखाडी असे तीन गोल एकावर एक ठेवतात, प्रत्येकाला दिसण्या-लपण्याचं वेगळं बिट (० किंवा १ असा संकेत) देतात आणि तिन्हींचा ग्रुप करतात. एखादं बिट उलटसुलट झालं की दोन रंग एकदम दिसतात किंवा एकही दिसत नाही. त्याऐवजी एकच वर्ड लॅम्प घ्या, ०, १, २, ३ अशा स्थिती दाखवणारा. ० बंद, १ चालू, २ ट्रिप (दोषामुळे बंद पडलेली), ३ लोकलवर (मोटरजवळच्या स्विचवरून चालणारी). एक वस्तू, एक पत्ता, आणि एका वेळी एकच रंग. वर एखादं अदृश्य बटण ठेवायचं असेल तर ते ग्रुपमध्ये सगळ्यात वर आहे ना हे तपासा. ग्रुप केल्यावर वस्तूंचे थर बदलू शकतात, आणि मग बटण दिसतं एक आणि दाबलं जातं भलतंच.

मुख्य दुरुस्ती पीएलसीत आहे, पॅनेलमध्ये नाही. मोटरींचे पत्ते ठरावीक अंतरावर लावले असतील तरच खालचं सगळं जमतं. प्रत्येक मोटरला दहा शब्द द्या. शब्द म्हणजे एक आकडा ठेवायची जागा, पीएलसीतलं डी रजिस्टर. पहिल्या मोटरची माहिती डी२००० पासून: डी२००० स्थितीचा आकडा, डी२००१ करंट दहापट करून, डी२००२ चालण्याचे तास, डी२००३ ट्रिपची मर्यादा, बाकीचे मोकळे. दुसरी मोटर डी२०१०, सातवी डी२०६०, चौदावी डी२१३०. हुकूम वेगळ्या जागी, पण अंतर तेच: पहिलीचा डी६००, दुसरीचा डी६१०, चौदावीचा डी७३०.

हे दोन कप्पे वेगळे का? डीव्हीपी पीएलसीत डी१००० ते डी१९९९ ही यंत्राची स्वतःची खास रजिस्टरं आहेत, त्यांना हात लावायचा नाही. ईएस२ मध्ये डी२००० पासून डी३९१९ पर्यंतची मुळातच वीज गेल्यावर टिकून राहणारी आहेत, म्हणून तास आणि मर्यादा तिथे. डी६०० ते डी९९९ वीज गेली की शून्य होतात, म्हणून हुकूम तिथे. उलट केलंत तर दुपारी वीज गेली आणि आली की ‘चालू’ हा जुना हुकूम तसाच जिवंत असतो, आणि मलरमध्ये साफसफाईला कुणी हात घातलेला असू शकतो. साफसफाईच्या वेळी मलरचा मुख्य स्विच खाली ओढून त्याला कुलूप हवंच, पण प्रोग्रामनेही आपली बाजू राखायला हवी.

हुकूमही आकड्यानेच द्या. पॅनेल डी६०० मध्ये १ लिहितं म्हणजे चालू, २ म्हणजे बंद, ३ म्हणजे ट्रिप रिसेट. पीएलसी आकडा वाचतो, काम करतो आणि तिथे शून्य लिहितो. शब्दातलं एखादं बिट पॅनेलवरून बदलायचं म्हटलं की पॅनेल बहुतेक वेळा पूर्ण शब्द वाचून त्यात बदल करून परत लिहितं. त्याच क्षणी पीएलसीने दुसरं बिट बदललं असेल तर ते पुसलं जातं. हा दोष महिन्यातून एकदा दिसतो, दाखवायला गेलं की कधीच दिसत नाही. आकड्याच्या हुकमात तो प्रश्नच उरत नाही.

आता पॉपअप. मोटरची सविस्तर खिडकी एकच काढायची, विंडो ५१. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला पहिल्या मोटरचा पत्ता द्या, आणि पत्ता देण्याच्या चौकटीत इंडेक्स रजिस्टरची खूण करून इंडेक्स ० निवडा. इंडेक्स ० म्हणजे पॅनेलच्या स्वतःच्या स्मृतीतला एलडब्ल्यू-९२०० हा शब्द. त्यात जो आकडा असेल तेवढा पत्ता पुढे सरकतो. तिथे ६० लिहिलं की डी२००० चं डी२०६० होतं, डी६०० चं डी६६० होतं, आणि तीच खिडकी सातव्या मोटरची होते. दोन्ही कप्प्यांत अंतर सारखं ठेवलं ते यासाठीच.

मुख्य पानावरच्या मोटरच्या चित्रावर कॉम्बो बटण ठेवा. त्यात दोन कामं, याच क्रमाने: आधी एलडब्ल्यू-९२०० मध्ये आकडा लिहिणे, मग ५१ पॉपअप उघडणे. क्रम उलटा झाला तर खिडकी क्षणभर आधीच्या मोटरची माहिती दाखवून मग बदलते. मुख्य पानावरच्या चौदा चित्रांसाठी मात्र कॉपी बरोबरच आहे, कारण तिथे खरोखरच चौदा वेगळ्या गोष्टी दिसतात. ती मल्टि कॉपीने (एका वस्तूच्या अनेक प्रती एकदम काढण्याच्या सोयीने) करा आणि पत्त्याची वाढ १० द्या. मित्सुबिशीत यालाच कन्सेक्युटिव्ह कॉपी म्हणतात. एक लक्षात ठेवा: मल्टि कॉपीत पत्ते वाढतात, पण कॉम्बो बटणात लिहिलेला ०, १०, २० हा आकडा पत्ता नाही, तो स्थिर आकडा आहे. तो प्रत्येक बटणात हातानेच बदलावा लागतो. चौदाही बटणं उघडून कागदावर खूण करत जा. यात आळस केला की ‘पाच दाबलं तर एक फिरतो’ ही तक्रार दुसऱ्या दारातून परत येते.

या एका खिडकीचे धोकेही आहेत, ते आधीच बंद करा. इंडेक्स ० फक्त ५१ साठी राखून ठेवा. मुख्य पानावरच्या एखाद्या वस्तूलाही तोच इंडेक्स दिलात तर पॉपअप उघडताच मागचं चित्र बदलेल. पॉपअपच्या डोक्यावर मोटरचं नाव मोठ्या अक्षरांत हवंच, एलडब्ल्यू-९२०० च्या आकड्यावरून बदलणारं. आणि विंडोच्या सेटिंगमध्ये मोनोपोलीची खूण करा, म्हणजे पॉपअप उघडा असताना मागचं काही दाबता येणार नाही. ती नसेल तर असं होतं: तिसऱ्या मोटरची ट्रिप मर्यादा टाकायला आकड्यांची पाटी उघडली, मध्येच कुणी मागच्या पानावरची नववी मोटर दाबली, इंडेक्स बदलला, आणि तिसऱ्याची मर्यादा नवव्याला बसली. ‘मूळ पान बदलल्यावर बंद हो’ हीसुद्धा खूण करा, नाहीतर पॉपअप पुढच्या पानावर तसाच लोंबकळत राहतो.

ज्या पॅनेलमध्ये इंडेक्सची सोय नाही तिथे हेच काम पीएलसी करतो. पॅनेल निवडलेल्या मोटरचा सरकवायचा आकडा डी९१५ मध्ये लिहितं, पीएलसी तो ई१ या इंडेक्स रजिस्टरमध्ये घेतो आणि बीएमओव्ही डी२०००ई१ डी९०० के१० या एका ओळीने त्या मोटरचे दहा शब्द डी९०० ते डी९०९ मध्ये आणतो. पॅनेल नेहमी डी९०० च वाचतं. यात वाचायचे पत्ते सलग राहतात, म्हणून पान पटकन भरतं. पॅनेल साधारणपणे उघड्या पानावरचेच पत्ते वाचतं आणि सलग पत्ते एकाच फेरीत आणतं. २० पत्ते २० ठिकाणी विखुरले तर २० फेऱ्या. डेल्टाचा कॉम१ हा पोर्ट नव्याने आला की ९६०० बॉड आणि आस्कीवर, म्हणजे संथ गतीवर, असतो. तसाच ठेवून मुख्य पानावर सगळं विखुरलं की आकडे दोन-तीन सेकंदांनी बदलतात आणि दोष पॅनेलला दिला जातो.

अलार्मच्या पानाकडे येऊ. तुमचं पान ‘पहिल्यांदा उघडतं, दुसऱ्यांदा नाही’ याचं कारण स्पष्ट आहे. वेनटेकच्या पीएलसी कंट्रोलमध्ये ‘विंडो बदल’ हे काम रजिस्टरमधला आकडा बदलल्यावर होतं, आकडा आहे म्हणून होत नाही. पीएलसीने ४० लिहिलं, पान उघडलं. ऑपरेटर तिथून बाहेर आला, पण रजिस्टरमध्ये ४० तसंच राहिलं. दुसरा अलार्म आला, पीएलसीने पुन्हा ४० लिहिलं, बदल झालाच नाही, म्हणून पानही नाही. आणि ‘सारखं उघडतं’ तेव्हा हॉपरचा लेव्हल स्विच वाळूच्या हादऱ्याने चालू-बंद होत असणार. प्रत्येक वेळी ०, ४०, ०, ४०.

औषध दोन भागांत. पान बदलल्यावर पॅनेल नव्या पानाचा क्रमांक त्या रजिस्टरच्या पुढच्या पत्त्यात परत लिहितं. पीएलसीने तिथे ४० दिसलं की आपल्या रजिस्टरमध्ये ० टाकावा. सीमेन्सच्या जॉब मेलबॉक्समध्ये (पीएलसीने पॅनेलला काम सांगायच्या जागेत) ५१ नंबरचं काम देऊन पान बदललं तर पॅनेल स्वतःच तो शब्द शून्य करतं. इथे ते तुम्हाला करायचं आहे. दुसरं, लेव्हल स्विचला तीन सेकंदांचा टायमर. स्विच सलग तीन सेकंद टिकला तरच अलार्म.

पण माझं मत विचाराल तर अलार्मसाठी पान बदलूच नका. माणूस बेंटोनाइटची मात्रा टाकत असताना त्याच्या बोटाखालून पान काढून घेणं वाईट आहे. अर्धा आकडा टाकून तो हरवतो. कॉमन विंडोत लाल ओळ दाखवा, तिच्यावर बोट ठेवलं की ४० उघडू द्या, आणि हूटर वाजवा. पीएलसीने पान बदलावं असे प्रसंग दोनच: वीज आल्यावर मुख्य पान, आणि मॅन्युअलमध्ये बराच वेळ हात लागला नाही तर तिथून बाहेर.

मॅन्युअलच्या पानावर एक वेगळी काळजी आहे. जॉगसाठी, म्हणजे बटण धरलं तेवढाच वेळ मोटर फिरवण्यासाठी, धरून ठेवायचं बटण लागतं, तिथे आकड्याचा हुकूम चालत नाही. बटण धरलेलं असताना केबल निघाली तर ‘सोडलं’ हा निरोप पीएलसीपर्यंत पोहोचतच नाही आणि बेल्ट फिरत राहतो. म्हणून डेटा ट्रान्सफर वस्तूने दर अर्ध्या सेकंदाला दोन गोष्टी पीएलसीला पाठवा: एलडब्ल्यू-९०५० म्हणजे उघड्या पानाचा क्रमांक, डी९१२ मध्ये; आणि एलडब्ल्यू-९०१७ म्हणजे पॅनेलच्या घड्याळाचे सेकंद, डी९१३ मध्ये. पीएलसीत जॉगला दोन अटी: डी९१२ मध्ये २० हवं, आणि डी९१३ गेल्या दोन सेकंदांत बदललेलं हवं. पॅनेल बंद पडलं, केबल निघाली, पान बदललं, काहीही झालं तरी जॉग सुटतो. आपत्कालीन थांबा हा या सगळ्याच्या बाहेर, तारेने थेट जोडलेलं लाल बटणच. तो काचेवर काढू नका, शोभेलासुद्धा.

पासवर्डबद्दल थोडक्यात. सेटिंगच्या पानाकडे जाणाऱ्या बटणाला कुलूप लावून थांबू नका, कारण त्या पानाकडे जाणारी दुसरी लिंक कुठेतरी असतेच. आकडा भरायच्या वस्तूलाच कुलूप लावा.

आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे भाषा. मच्छे, होनगा किंवा उद्यमबागेत एका शिफ्टला कन्नड वाचणारे, मराठी वाचणारे आणि फक्त हिंदी येणारे असे तिघे एकाच पॅनेलवर येतात. निपाणी-चिक्कोडीकडच्या कारखान्यांतही तेच. प्रत्येक भाषेसाठी पानांचा वेगळा संच काढण्याचा मोह टाळा, २३ ची ६९ पानं होतील आणि पुन्हा चौदा मालकांची गत. सगळी अक्षरं लेबल लायब्ररीत (प्रत्येक शब्दाची भाषावार यादी) ठेवा आणि भाषा एलडब्ल्यू-९१३४ मधल्या आकड्याने बदला. ० पहिली भाषा, १ दुसरी. भाषेची तीन बटणं मुख्य पानावर, आणि प्रत्येकावर त्याच भाषेतलं, त्याच लिपीतलं नाव. मोटरींचे आणि बेल्टचे नंबर तिन्ही भाषांत सारखेच ठेवा, कारण ‘पाच नंबर’ म्हणून हाक मारली की सगळ्यांना कळतं.

बटणाची रुंदी सगळ्यात लांब शब्दावर ठरवा. मराठीत ‘थांबा’ म्हटलं की झालं, कन्नडातलं ‘निल्लिसी’ जास्त जागा खातं. ग्रुपमध्ये घट्ट बसवलेल्या चौकटीतून अक्षरं बाहेर सांडतात, आणि ग्रुप केलेला असल्यामुळे एकटी चौकट रुंद करायचंही राहून जातं. जोडाक्षरं आणि वेलांट्या खऱ्या पॅनेलवरच तपासा. संगणकावर ‘स्थिती’ नीट दिसते आणि पॅनेलवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते असं काही ठिकाणी होतं. तसं झालं तर तेवढ्या शब्दाचं चित्र करून लावा, पण मग ते चित्र भाषेबरोबर बदलेल अशा वस्तूत लावा.

तपासणी ऑफलाइन सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच पॅनेल चालवून, सुरू करा, पीएलसी लागत नाही. नकाशाचा कागद समोर ठेवून प्रत्येक लिंक दोन्ही बाजूंनी चालवा आणि खूण करा. मग ऑनलाइन सिम्युलेशन. पीएलसी जोडून ते दहा मिनिटंच चालतं, म्हणून चौदा मोटरींची यादी आधी लिहून घ्या आणि प्रत्येक पॉपअपमध्ये स्थिती, करंट आणि हुकूम हे तिन्ही त्याच मोटरचे आहेत का ते बघा. यावेळी मोटरींचे पॉवरचे एमसीबी खाली ठेवा, फक्त कॉण्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारे स्विच) ओढू द्या. शेवटी खऱ्या पॅनेलवर: पॉपअप उघडा ठेवून वीज घालवा आणि आणा, जॉग धरून केबल काढा, आणि फाउंड्रीतले मळके हातमोजे घालून प्रत्येक पान फिरवा. एक चाचणी बहुतेकांकडून राहते. रेझिस्टिव्ह (दाबाने स्पर्श ओळखणाऱ्या) काचेवर दोन बोटं एकदम टेकली की पॅनेलला दोन जागा कळत नाहीत, दोन्हींच्या मधली एक जागा कळते. डाव्या आणि उजव्या बटणावर एकदम बोट ठेवा आणि मधलं बटण दबतं का ते बघा. दबत असेल तर मधली जागा मोकळी करा.